पाळी मागेपुढे होते तेव्हा: सोलापूरच्या मुलींसाठी आणि त्यांच्या आयांसाठी

आषाढी, गड्डा (सिद्धेश्वराची यात्रा) किंवा नवरात्र तोंडावर आलं की सोलापुरातल्या मेडिकलच्या काउंटरवर एक मागणी हमखास ऐकू येते: "पाळी पुढं ढकलायची गोळी द्या." ती मागताना आता कुणी फारसं लाजत नाही. मात्र "मला चार महिने पाळीच आली नाही" हे वाक्य त्याच मुलीच्या तोंडून डॉक्टरसमोर निघायला वर्षही जातं. मधल्या काळात मावशी पपई खायला सांगते, शेजारीण काढा देते आणि आजी म्हणते, लग्न झालं की आपोआप बसेल.

पाळी मागेपुढे होणं हा तरुण वयात बहुतेक वेळा आजार नसतो. कधीकधी मात्र असतो, आणि तेव्हा तो ओळखायला सगळ्यात आधी उपयोगी पडते ती तारखांची यादी. सोनोग्राफीचा नंबर त्यानंतर.

पायरी १: आधी नीट मोजा

पाळी सुरू झाली तो पहिला दिवस. पुढची पाळी सुरू होईल त्याच्या आदल्या दिवसापर्यंत जितके दिवस होतात, तितक्या दिवसांचं तुमचं चक्र. ३ जूनला आली आणि पुढची ९ जुलैला आली, तर ३६ दिवस. कित्येकजणी पाळी संपल्यापासून मोजतात, त्यामुळे चक्र पाच-सहा दिवसांनी लहान दिसतं आणि उगाच घबराट होते. "महिन्यात दोनदा आली" ही तक्रारही पुष्कळदा कॅलेंडरमुळे होते: २ तारखेला आली, मग २९ ला आली. मधे २७ दिवस गेले, म्हणजे सगळं व्यवस्थित आहे.

वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक पाळीची एक ओळ लिहा. कधी सुरू झाली, कधी थांबली, सगळ्यात जास्त जाणाऱ्या दिवशी किती पॅड लागले, गाठी पडल्या का, दुखण्यामुळे कॉलेज किंवा काम बुडालं का, मधेच डाग पडले का. त्या महिन्यात आजारपण, परीक्षा, उपास किंवा नवीन औषध असं काही झालं असेल तर तेही. एवढं पुरे. फोनमधलं ॲप वापरायला हरकत नाही, पण पाळी अनियमित असेल तर पुढच्या तारखेचा त्याचा अंदाज चुकतो. त्यावरून "सुरक्षित दिवस" तर मुळीच काढू नका. घरातला फोन भाऊही वापरत असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाचा एक ठिपका पुरतो, त्याचा अर्थ तुम्हालाच कळेल.

तीन-चार पाळ्यांची नोंद झाली की डॉक्टरला दाखवण्यासारखं काहीतरी हातात येतं. खालच्या तिसऱ्या पायरीतलं काही होत असेल तर मात्र नोंदीसाठी थांबायचं नाही.

पायरी २: वयाप्रमाणे काय चालतं, काय नाही

पहिली पाळी आल्यानंतरच्या वर्षभरात तारखांचा काही नेम नसतो. मेंदूकडून बीजकोशांना जाणारे संदेश अजून जुळायचे असतात, दर महिन्याला बीज सुटत नाही, म्हणून पाळी कधी तीन आठवड्यांनी तर कधी दोन महिन्यांनी येते. सातवी-आठवीतल्या मुलीला एवढ्यावरून "हार्मोनचा प्रॉब्लेम" चिकटवू नका. तरीही या वयातसुद्धा सलग ९० दिवसांहून जास्त खंड पडला तर दाखवून घेतलेलं बरं.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात २१ ते ४५ दिवसांचं चक्र ठीक मानलं जातं. तीन वर्षं झाल्यावर ते २१ ते ३५ दिवसांत यायला हवं. दोन-चार दिवस इकडेतिकडे होणारच. २८ दिवसांचा आकडा ही सरासरी आहे, नियम नाही. दर वेळी ३३ दिवसांनी येणारी पाळी पूर्णपणे नियमित आहे. रक्तस्राव दोन ते सात दिवस चालतो.

पंधरा वर्षं पूर्ण झाली तरी पहिली पाळी आली नसेल, किंवा छातीची वाढ सुरू होऊन तीन वर्षं उलटली तरी पाळी नसेल, तर तपासणी करायची. तेराव्या वर्षापर्यंत छातीची वाढच सुरू झाली नसेल तरीही. "आमच्यात उशिराच येते" हे खरं असेलही, पण ते तपासून ठरू दे.

पायरी ३: वाट न पाहता जायचं ते केव्हा

लगेच, रात्र असली तरी:
- तासाला एक पॅड पूर्ण भिजतोय आणि दोन-तीन तास असंच चाललंय, किंवा चक्कर येऊन पडायला होतंय.
- पाळी चुकलेली आहे आणि ओटीपोटात, विशेषतः एका बाजूला, जोरात दुखतंय. गर्भ नळीत राहिला असण्याची शक्यता असते, आणि त्यात जिवाला धोका असतो.
- ताप, ओटीपोटात दुखणं आणि घाण वासाचा स्राव हे एकत्र.

अशा वेळी १०८ ला फोन करा.

पुढच्या आठवड्याभरात जायचं ते असं: पाळी आठ दिवसांहून जास्त चालते, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात, रात्री उठून पॅड बदलावा लागतो, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त जातं, तीन महिने पाळी नाही, पाळी नसताना छातीतून दुधासारखा स्राव येतो, किंवा पाळी चुकलीय आणि संबंध आलेला आहे.

जास्त रक्त जाणं ही आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. आईला तसंच जायचं, मावशीला तसंच जायचं, म्हणून मुलीलाही तेच "नॉर्मल" वाटतं. पण रक्त गोठण्याचे काही दोष वारशानेच येतात. पहिल्या पाळीपासूनच फार जात असेल, त्यात नाकातून घोळणा फुटत असेल, दात काढल्यावर रक्त थांबलं नसेल, किरकोळ धक्क्यानं काळेनिळे डाग पडत असतील, तर हे डॉक्टरला आवर्जून सांगा, कारण त्याची तपासणी वेगळी असते.

अंगातलं रक्त कमी झाल्याची खूण मुली सांगत नाहीत, ती बघावी लागते. जिना चढताना दम लागतो, केस गळतात, वर्गात झोप येते, आणि माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. या शेवटच्या गोष्टीवर मुलीला रागावू नका, हिमोग्लोबिन तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी रक्तक्षय होऊ नये म्हणून असते. झालेला रक्तक्षय तेवढ्यानं भरून निघत नाही, त्याला वेगळा डोस लागतो.

पायरी ४: पाळी पुढं ढकलायच्या गोळ्यांचा हिशेब

आपल्या जिल्ह्यात हा विषय टाळून चालणार नाही. पंढरीची वारी आहे, सिद्धेश्वराची यात्रा आहे, कोजागरीला तुळजापूरला चालत जाणं आहे, आणि त्यात घरातली लग्नं.

या गोळीत बहुधा नॉरएथिस्टेरॉन नावाचं हार्मोन असतं. पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायची, डॉक्टरने सांगितलेल्या वेळांना रोज घ्यायची, आणि बंद केल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. आता गंमत बघा: तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायला तारीख माहीत हवी. जिची पाळी अनियमित आहे तिला तीच माहीत नसते. मग अंदाजानं सुरू केलेली गोळी मधेच डाग पाडते, डाग पडले म्हणून ती जास्त घेते, आणि पुढचे दोन महिने कशाचाच मेळ बसत नाही. डॉक्टरने विचारलं तर खरी पाळी कुठली आणि गोळीची कुठली, हेही सांगता येत नाही.

क्वचित, डॉक्टरला विचारून, एखाद्या प्रसंगापुरती घेतली तर सहसा नुकसान होत नाही. वर्षात चार-पाच वेळा स्वतःच्या मनानं घेणं वेगळं. पायाच्या किंवा फुप्फुसाच्या शिरेत कधी रक्ताची गुठळी झाली असेल, यकृताचा आजार असेल, गर्भ राहिल्याची शंका असेल किंवा अवेळी रक्त जाण्याचं कारण अजून कळलेलं नसेल, तर ही गोळी घ्यायची नाही. अर्धशिशी असेल तर ते आधी सांगा. आणि या गोळीनं गर्भ राहायचं थांबत नाही, हे लग्न झालेल्या मुलींनी नीट लक्षात ठेवावं.

माझं मत विचाराल तर, सणासाठी मुलीनं गोळी घ्यायचीच असा घरात नियम असू नये. ज्या मुलीची पाळी आधीच मागेपुढे होते तिला तर आयांनीच यातून वगळावं.

आणीबाणीची गर्भनिरोधक गोळी, म्हणजे संबंधानंतर ७२ तासांच्या आत घेतात ती, तीही पाळी आठवडाभर मागेपुढे करते. एकदा तसं झालं तर घाबरू नका. पाळी आठवड्याहून जास्त लांबली तर लघवीची तपासणी करा.

पायरी ५: कारण शोधताना

लग्न झालेलं असो वा नसो, संबंध आला असेल आणि पाळी चुकली असेल, तर पहिली शंका गर्भाची. सकाळच्या पहिल्या लघवीवर किट वापरा. नाही असं दिसलं आणि पाळीही आली नाही, तर आठवड्यानं पुन्हा. आशाताईंकडे हे किट मिळतं, मेडिकलवर विकतही मिळतं. गर्भ राहिला असेल तर काढे आणि ऐकीव गोळ्यांच्या मागे लागू नका. कायद्यानं ठरवलेल्या मुदतीत आणि अटींवर सुरक्षित गर्भपाताचा हक्क अविवाहित स्त्रीलाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर विश्वासातल्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या, १०९८ या बालमदत क्रमांकावरही बोलता येतं.

दुसरं कारण वजन, आणि ते दोन्ही बाजूंनी. वजन झपाट्यानं वाढलं की पाळी लांबते, हे सगळ्यांना माहीत असतं. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या, दुपारी अर्ध्या भाकरीवर राहणाऱ्या मुलींची पाळी थांबते, तिकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. उलट "कटकट गेली" म्हणून बरंच वाटतं. शरीराला मिळणारं अन्न खर्चापेक्षा कमी पडलं की ते बीज सोडणं बंद करतं, आणि पाळी अशी महिनोन्महिने बंद राहिली तर हाडं कमकुवत होतात. धावताना हाड चिरण्याचा धोका तिथूनच येतो. सराव सोडायचा नाही, जेवण वाढवायचं, आणि तीन महिने पाळी नसेल तर दाखवायचं.

थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) वाढणं, क्षयरोग किंवा दुसरा जुनाट आजार, मानसिक आजारावरची किंवा फिटची काही औषधं, उलटीसाठी वारंवार घेतलेली डोमपेरिडोन, यांनीही पाळी बिघडते. चालू असलेली गोळी मनानं बंद करू नका, पाकीट डॉक्टरला दाखवा. घर सोडून होस्टेलला आलेल्या, ‘नीट’ परीक्षेच्या तयारीत रात्र रात्र जागणाऱ्या मुलींची पाळी एक-दोनदा चुकणं साहजिक आहे. मन फारच खचलं असेल तर १४४१६ या टेलीमानस क्रमांकावर बोला, मराठीतही बोलता येतं.

पायरी ६: कुठं जायचं, आणि आत काय होतं

गावात असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत "मैत्री क्लिनिक" असतं, तिथं पाळीविषयी मोकळेपणानं बोलता येतं. शहरात महापालिकेची आरोग्य केंद्रं आहेत, आणि मोठ्या तपासणीसाठी सिव्हिल, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. तिथं स्त्रीरोग विभागाची ओपीडी असते. केसपेपरच्या रांगेत वेळ जातो, म्हणून सकाळी लवकर पोचा. विडी वळणाऱ्या किंवा शिलाईच्या कारखान्यात जाणाऱ्या बाईचा त्यात दिवसाचा रोज बुडतो, त्यामुळे नोंदीची वही, जुने रिपोर्ट आणि चालू औषधं पहिल्याच खेपेला बरोबर ठेवा.

पूर्व भागात घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड. आईला मराठीत नेमकं सांगता येत नसेल तर मुलीनं आधीच कागदावर चार ओळी लिहून न्याव्यात: वय, पहिली पाळी कितव्या वर्षी आली, शेवटच्या तीन-चार तारखा, सगळ्यात मोठी तक्रार.

डॉक्टर विचारतात, "लग्न झालंय का?" बहुतेक वेळा त्यांना विचारायचं असतं ते संबंध आलाय का. याचं खरं उत्तर द्या, ते उपचारासाठी लागतं. आईसमोर सांगता येत नसेल तर "मला डॉक्टरांशी दोन मिनिटं एकटीला बोलायचंय" असं म्हणा. आयांनो, तेव्हा बाहेर जाऊन बसा. मुलीवर अविश्वास दाखवून तिथं काही हाती लागत नाही.

आतून तपासणीच्या भीतीनं पुष्कळ मुली येतच नाहीत. ज्या मुलीचा संबंध आलेला नाही, तिच्या अनियमित पाळीसाठी आतून तपासणी सहसा लागत नाही. रक्तदाब, वजन, पोट, गळा, चेहऱ्यावरचे केस आणि मुरमं एवढं बघितलं जातं. सोनोग्राफीही पोटावरून होते, त्यासाठी पाणी पिऊन लघवी धरून ठेवावी लागते. तपासताना बाईमाणूस हजर हवं, आणि तुम्ही नाही म्हणू शकता.

पायरी ७: तपासण्या, आणि "पीसीओडी"चा शिक्का

सुरुवातीला सहसा लागतात त्या अशा: हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), प्रोलॅक्टिन, साखर आणि गरज असेल तर लघवीची गर्भतपासणी. प्रोलॅक्टिनचं रक्त सकाळी, उठून दोन-तीन तासांनी, शांत बसून द्यायचं. धावतपळत जाऊन दिलं तर आकडा थोडा वाढलेला येऊ शकतो, मग पुन्हा तपासावं लागतं. एफएसएच आणि एलएच (मेंदूकडून बीजकोशांना संदेश नेणारी हार्मोन्स) सांगितलं असेल तर पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी. चेहऱ्यावर, हनुवटीवर, पोटावर राठ केस येत असतील तर टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन. पॅकेजच्या नावाखाली वीस तपासण्या करून घ्यायची गरज नसते. कुठली तपासणी कशासाठी, हे विचारायला लाजू नका.

आता पीसीओडी, म्हणजे पुरुषी हार्मोन वाढून बीज दर महिन्याला न सुटण्याचा त्रास. सोळा वर्षांच्या मुलीची सोनोग्राफी होते, रिपोर्टात बीजकोशात अनेक लहान फोड असल्याचं येतं, आणि घरात रडारड सुरू होते: हिला मूल होणार का? या वयात बीजकोशात असे अनेक लहान पुटक दिसणं नेहमीचं आहे. म्हणूनच आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना, २०१८ च्या आणि २०२३ च्या सुधारितही, सांगतात की पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून हे निदान करू नये. किशोरवयीन मुलीत दोन गोष्टी एकत्र दिसल्या पाहिजेत: वयाच्या मानानं पाळी अनियमित, आणि पुरुषी हार्मोन वाढल्याच्या खुणा, म्हणजे राठ केस, खूप मुरमं किंवा रक्तातलं टेस्टोस्टेरॉन जास्त. शिवाय थायरॉइड, प्रोलॅक्टिन वगैरे बाकीची कारणं आधी बाजूला काढावी लागतात. एकच गोष्ट असेल तर "शक्यता आहे, नजर ठेवू" एवढंच म्हणायचं. नुसत्या सोनोग्राफीवरून सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, असं मी तरी सांगेन.

निदान खरंच झालं तरी मूल होणारच नाही असं नाही. बीज दर महिन्याला सुटत नाही, म्हणून काहीजणींना वेळ लागतो, उपचार लागतो, पण पुष्कळजणींना मुलं होतात. मानेमागे, काखेत काळसर, मखमली त्वचा दिसत असेल तर ती धुऊन जाणारी घाण नाही, शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण आहे. ते डॉक्टरला दाखवा, साखर तपासा.

पायरी ८: उपचार म्हणजे काय काय

वजन जास्त असेल तर ते ५ ते १० टक्के उतरलं तरी बऱ्याचजणींची पाळी सुधारते. सत्तर किलोच्या मुलीसाठी हे साडेतीन ते सात किलो झालं. त्यासाठी परदेशी धान्य विकत आणायला नको, आपली ज्वारीची भाकरी उत्तम आहे. भाकरीबरोबर डाळ, उसळ, अंडं, दही, पालेभाजी घ्या. शेंगाचटणी चमचाभर ठीक, वाटीभर नाही. रोज चहाबरोबरची खारी-बिस्किटं, वडापाव आणि गोड थंड पेयं आधी कमी करा. उन्हाळ्यात दुपारी चालणं शक्य नसतं, मग सकाळी लवकर किंवा दिवेलागणीनंतर चाला. वजन मुळात कमी असेल तर हे सगळं तुमच्यासाठी नाही.

तीन महिन्यांहून जास्त पाळी आली नाही आणि गर्भ नाही, तर डॉक्टर काही दिवसांची प्रोजेस्टेरॉनची गोळी देतात, ती संपल्यावर पाळी येते. गर्भाशयाचं अस्तर साठत राहू नये हा त्यामागचा हेतू. काहींना काही महिने गर्भनिरोधक गोळ्या देतात. "लग्नाआधी ही गोळी? पोरगी वांझ होईल" ही भीती घरोघरी आहे. ती खोटी आहे. गोळी थांबवल्यावर बीज सुटणं पुन्हा पूर्वीसारखं होतं. मात्र गोळी चालू असताना तारखेला येणारी पाळी गोळीमुळे येते, मूळ कारण गेलं असा त्याचा अर्थ नाही. जास्त रक्त जाणाऱ्यांना ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, दुखणाऱ्यांना मेफेनॅमिक ॲसिड देतात, तीही विचारूनच घ्यायची.

लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नका, आधी-नंतर तासभर चहा नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. हिमोग्लोबिन भरल्यावरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवायच्या असतात, आणि नेमक्या त्याच वेळी बहुतेकजणी सोडून देतात.

पुडीत बांधून मिळणाऱ्या, नाव-घटक नसलेल्या "पाळी आणायच्या" औषधांपासून लांब राहा. पॅडचा खर्च अडचणीचा असेल तर जनऔषधी केंद्रात एक रुपयाला एक पॅड मिळतो. रक्त जास्त जात असेल तेव्हा चार-सहा तासांनी पॅड बदलायला हे उपयोगी पडतं.

उपचार सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी वही घेऊन पुन्हा जा. पाळी गोळीवर येते की आपली आपण, किती पॅड लागतात, वजन आणि हिमोग्लोबिन किती, हे तेव्हा बघतात. पीसीओडीचं निदान असेल तर पाळी सुरळीत झाल्यावरही दर एक ते तीन वर्षांनी साखर तपासत राहायची. आणि मधेच पुन्हा ९० दिवसांचा खंड पडला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात फाइल घेऊन जायचं.